सासऱ्यांच्या खिशातल्या वह्या : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

आज सुरुवात केली. सासरे ऑक्टोबरमध्ये गेले, ८३ वर्षांचे होते. अमेरिकेत, नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये, चेरी काउंटीतल्या रँचवर (गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर) जन्मले, तिथेच वाढले, लग्न झाल्यावर घर बदललं तेही त्याच तारकंपाउंडच्या आत. तिकडच्या पेपरात श्रद्धांजली आली त्यात "रँचवर वाढलेले कुटुंबवत्सल गृहस्थ" असं एक वाक्य, खाली मुला-नातवंडांची यादी, संपलं. सासूबाईंना ते लागलं. म्हणाल्या, ह्या पेपरात दर आठवड्याला एक कुटुंबवत्सल मरतो.

मग ख्रिसमसला गेलो होतो तेव्हा त्यांनी बुटांचे चार खोके माझ्या गाडीत ठेवले आणि म्हणाल्या की तू कॉम्प्युटरचं काम करतोस ना, ह्याचं काहीतरी कर. काहीतरी म्हणजे काय ते नाही सांगितलं. डेडलाईन मात्र दिली, मे अखेरीस ब्रँडिंगला, म्हणजे वासरांना डाग द्यायच्या दिवशी, सगळं घर जमतं तेव्हा दाखवायचं.

नोंदी मराठीत ठेवतोय कारण एक तर आई दर रविवारी फलटणहून फोनवर विचारते याह्यांच्या वह्यांचं कुठवर आलं, तिला वाचून दाखवता येईल, आणि दुसरं म्हणजे इकडचं कोणी काम व्हायच्या आधी वाचणार नाही.

१८ जानेवारी

मोजदाद केली. खिशात मावतील एवढ्या छोट्या वह्या, लाल कव्हरच्या, काही निळ्या. इकडे बँकवाले, पशुखाद्यवाले दरवर्षी फुकट वाटतात, गाय कधी व्याली ते लिहायला. सासऱ्यांनी १९६६ ला लग्न झालं त्या वर्षापासून दरवर्षी एक वापरली. ५९ असायला हव्यात, खोक्यात ५१ निघाल्या. बाकी काय, तीन कॅसेट, स्लाइडचे दोन कॅरोसेल, आणि एक पत्र्याचा डबा ज्यात फक्त कानातले जुने बिल्ले आहेत. गायींच्या कानातले. ते कशाला ठेवले असतील देव जाणे.

वह्यांना वास आहे. वाळलं गवत, आयोडीन आणि शेण. आमच्या गोठ्यात पण हाच वास, फक्त गवताच्या जागी कडबा. एका वहीची आठ पानं एकमेकांना चिकटलीत, मधे तपकिरी डाग, रक्तच असणार, पिक्चरवालं नाही, वार काढताना हात भरतो तेव्हा खिशात हात घातला की असंच होतं.

२५ जानेवारी

स्कॅनिंग चालू. फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय, टिफ. मोबाईलने फोटो काढून भागेल असं आधी वाटलं होतं पण पेन्सिलचं लिखाण आहे, फोटोत चमकतं आणि अर्धं गायब होतं. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधलं अक्षर ओळखणारा प्रोग्रॅम, चालवून बघितला, हसू आलं. ५ ला एस म्हणतं, ७ ला १.

हिशोब असा की एका वहीची ३२ जोडपानं, गुणिले ५१, म्हणजे १६३२ स्कॅन. रात्री लेक झोपल्यावर तासात तीसएक होतात.

प्रत्येक ओळ एकाच साच्यातली. तारीख, गायीच्या बिल्ल्याचा नंबर, वेळ, मग एक-दोन अक्षरं. एच म्हणजे हेफर, आपली कालवड. बी म्हणजे बुल, गोऱ्हा. पी म्हणजे पुल्ड, ओढून काढावं लागलं. बीके म्हणजे बॅकवर्ड, मागचे पाय आधी आले. डी म्हणजे मेलं. हे सगळं मेव्हण्याने फोनवर सांगितलं. एक अक्षर मात्र त्याला पण माहीत नाही, टी. फेब्रुवारी-मार्चमध्येच येतं आणि कडक थंडीच्या वर्षी जास्त येतं.

सगळं टाइप करणं शक्य नाही. वर्षाला १८०-१९० गायी, म्हणजे साडेनऊ हजार ओळी होतील. ठरवलं की एक पुस्तक करायचं, त्यात बारा वर्षंच पूर्ण उतरवायची, पोरं लहान होती ती आणि शेवटची, बाकीच्यांचे नुसते स्कॅन.

२ फेब्रुवारी

टी सापडला! टब.

रात्री उणे वीस फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबात उणे २९, वासरू बाहेर पडलं ओलं, गायीने चाटून कोरडं करायच्या आत त्याचे कान गोठायला लागतात. मग ते उचलून घरात आणायचं आणि बाथटबमध्ये कोमट पाण्यात ठेवायचं, तोंडात बोट घालून बघायचं गरम लागतंय का, मग पुसून चीक पाजून परत आईकडे. सासूबाईंना विचारलं तर फोनवर इतक्या हसल्या की मला वाटलं लाईन गेली. म्हणाल्या, ४० वर्षं मी तो टब घासलाय आणि तू मला विचारतोस टी म्हणजे काय. एकदा म्हणे बायको, म्हणजे तेव्हा चार-पाच वर्षांची, सकाळी झोपेत बाथरूममध्ये गेली, पडदा सारला तर आत वासरू उभं. तिने दार लावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की कोणीतरी आधीच आत आहे.

बायको म्हणते असं काही झालं नव्हतं. १९८६ च्या वहीत मार्च महिन्यात टी सहा वेळा आहे. मी काही बोललो नाही.

९ फेब्रुवारी

आज वह्यांना हात नाही, कागदपत्रं. जमीन खात्याच्या साईटवर जुन्या पट्ट्यांचे स्कॅन फुकट बघायला मिळतात, सासऱ्यांच्या आजोबांचा सापडला. १९०९ ला जागा धरली, १९१४ ला पट्टा मिळाला. वर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव, सही सेक्रेटरीची. भाऊ म्हणाला हा त्यांचा सातबारा झाला की. सातबारा नाही रे, पण मूळ कागद तोच. गट नंबरच्या जागी सेक्शन, टाउनशिप, रेंज, आणि सगळं फुटपट्टीने आखलेलं, ओढा-नाला काही बघायचं नाही.

४० एकर नाही, १६० नाही, ६४० एकर, म्हणजे पूर्ण एक चौरस मैल. १९०४ चा किंकेड कायदा. एरवीच्या होमस्टेडला, म्हणजे सरकार वस्ती करणाऱ्याला द्यायचं त्या जमिनीला, १६० एकर मिळायचे पण सँडहिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्या, वर गवताची चादर, नांगर घातला की चादर फाटते आणि वारा वाळू उडवून खड्डा पाडतो, त्यामुळे इथे पिकवायचं काही नाही, चारायचं. ऐकायला ६४० एकर म्हणजे आमच्याकडे अख्खं गाव विकत घेतल्यासारखं वाटतं, पण इथे एका गाय-वासराला वर्षभराला पंधराएक एकर कुरण लागतं, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस गायी. घर चालत नाही त्यावर. बरेच लोक पाच वर्षं काढून पट्टा मिळाला की विकून निघून गेले. आजोबा राहिले, शेजाऱ्यांच्या विकत घेत गेले. चांगले होते म्हणून राहिले की जायला जागा नव्हती म्हणून, ते कागदावरून कळत नाही.

सुरुवातीचं घर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांचं, आणि झाडच नाहीत तर चुलीत घालायला कुरणात वाळलेलं शेण गोळा करायचे. आईला सांगितलं तर तिला पहिल्यांदा अमेरिका कळल्यासारखी वाटली. "म्हंजी रानशेण्या की! थापत न्हवती व्हय?" नाही, थापायचे नाहीत. "मग धूर हुतोय बघ लई."

१९५० ची जनगणना पण मिळाली, ७२ वर्षं गुप्त ठेवतात, १ एप्रिल २०२२ ला उघडली. नावाने शोधलं तर येईना, कारण नाव वाचणाऱ्या प्रोग्रॅमने आडनावाची वाट लावलेली, शेवटी त्या भागाची सगळी पानं चाळली. सासरे, वय ८. त्यांच्या वडिलांपुढे मागच्या आठवड्यात किती तास काम केलं ह्या रकान्यात ८४. आईपुढे एच, म्हणजे घर सांभाळते, तास नाहीत. सहा गायींची धार त्या काढायच्या म्हणे, दोन वेळा. असो.

१५ फेब्रुवारी

काही नाही. लेकीला ताप.

२२ फेब्रुवारी

कॅसेट. तिन्हीपैकी एकच कामाची. २००४ साली मेव्हण्याच्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी आजोबांचा इंटरव्ह्यू घेतला होता. आधी इथल्या एका दुकानात डिजिटाइज करायला दिली होती, त्यांनी दिलेल्या फाईलमध्ये सासरे कार्टूनसारखे बोलतायत, स्पीड चुकवलेला, आणि वर म्हणतात कॅसेट अशीच आहे. मग जुना डेक घेतला, ऑडॅसिटीत स्वतः केलं, ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, त्यात शॉर्टकट नाही.

नात विचारते तुमची सर्वात जुनी आठवण कोणती. बराच वेळ नुसता कुत्रा भुंकतोय. मग ४९ सालचं वादळ सांगतात.

२ जानेवारी १९४९, रविवार. ते सात वर्षांचे. दुपारी बर्फ सुरू झालं ते तीन दिवस थांबलंच नाही, आणि थांबल्यावर पण पुढचे काही आठवडे पुन्हा पुन्हा येत राहिलं. वडिलांनी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधला होता, त्याला धरून जायचं कारण मधल्या पन्नास पावलांत माणूस हरवायचा. गायी थंडीने कमी आणि गुदमरून जास्त मेल्या, नाकपुड्यांवर बर्फ जमून गोळा होतो आणि श्वास बंद. वडील हातोडी घेऊन जायचे आणि नाकावरचा बर्फ फोडायचे. महिनाअखेरीस लष्कराचे बुलडोझर रस्ते उघडायला आले, विमानातून चाऱ्याच्या गाठी टाकल्या.

इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुढचं मी तीनदा ऐकलं. ते म्हणतात एक गाठ पवनचक्कीच्या हाळावर पडून फुटली, आणि माझे वडील बर्फात गुडघ्यावर बसून हाताने ते गवत गोळा करत होते, काडी काडी, आणि मी खिडकीतून बघत होतो, आणि मला वाटलं ते रडतायत. नात विचारते, रडत होते का? म्हणतात, विचारलं नाही. आणि लगेच, बाळा तुझी दुसरी बाजू सुरू कर, टेप संपत आली.

८ मार्च

घोळ. दोन आठवड्यांचं काम उलटं पडलं.

स्कॅनच्या फाईलींना तारखेप्रमाणे नावं द्यायला स्क्रिप्ट लिहिली होती, रात्री साडेअकराला, आणि माझं डोकं अजून फलटणचंच. वहीत ३/४ लिहिलंय ते इकडच्या पद्धतीने ४ मार्च. मी दिवस आधी महिना नंतर धरला, ३ एप्रिल झाला. बारापर्यंतचे दिवस सगळे गुपचूप चुकीच्या महिन्यात गेले, तेराच्या पुढचे बरोबर बसले कारण तेरावा महिना नसतो, त्यामुळे एरर पण नाही आली. लक्षात कधी आलं तर १९८४ मध्ये एक गाय डिसेंबरात व्यालेली दिसली. गाय नऊ महिने नऊ दिवसांची, वळू मेच्या सुमारास सोडतात, डिसेंबरात वासरू कुठून येईल? बारा वर्षं इकडे राहतोय आणि ही चूक.

मूळ फाईली वेगळ्या डिस्कवर होत्या म्हणून वाचलो. सगळं परत चालवलं. आता प्रत्येक वहीतली दहा पानं डोळ्याने तपासतोय.

१६ मार्च

२०१४ ची वही. हिची वाट बघत होतो, मुद्दाम मागे ठेवली होती.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आई आली होती. आयुष्यात पहिलं विमान, आणि ओमाहाहून सहा तास गाडीत बसून रँचवर. वाटेत मी हौसेने सांगत होतो की ही काउंटी आपल्या सातारा जिल्ह्याच्या दीडपट आणि लोक फक्त साडेपाच हजार, तर ती म्हणाली मग लगीन कुणाशी करत्यात. गेल्यावर सगळ्यांना टेन्शन की हे दोघं बोलणार काय. मी सासऱ्यांना नावाने हाक मारायचो हेच तिला पटलेलं नव्हतं, दर हाकेला डोळे मोठे करायची. शिवाय जावई म्हणून माझा मान काय ते तिने बघितलं, पहिल्या सकाळी सासऱ्यांनी माझ्या हातात फावडं दिलं.

आणि तिला शेडची चक्कर घडवली. नऊवारी, त्यावर सासूबाईंचा जाड कोट, पायात मेव्हण्याचे गमबूट. शेडच्या कठड्याला टेकून ती पहिलारू कालवडींकडे बघत राहिली. सासरे शेजारी. दोघं गप्प, पंधरा-वीस मिनिटं. मग तिने काठीने एकीकडे दाखवलं आणि मला म्हणाली, "त्येंला सांग, ती काळ्या तोंडाची आज रातच्याला व्यायची. कास बघ कशी तटारलीया, आन शेपटीच्या बुडाला खड्डा पडलाय." मी इंग्रजीत सांगितलं. सासऱ्यांनी गायीकडे बघितलं, आईकडे बघितलं, खिशातून वही काढली, लिहिलं. काय लिहिलं ते तेव्हा नाही दाखवलं.

आज वाचलं. "४१७ – जावयाची आई म्हणते आज रात्री. मला वाटतं शुक्रवार." खाली दुसऱ्या ओळीत, "२:४०. एच. तिचं बरोबर."

आईला व्हिडिओ कॉलवर पान दाखवलं, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग? मी काय खोटं सांगतीया?" आणि मग जरा वेळाने, "लिवून ठेवलं व्हय रं त्येंनी."

२९ मार्च

हे लिहू की नको कळत नाहीये.

१९९८ ची वही उतरवत होतो. मागच्या कव्हरच्या आत पिकअपचा हिशोब असतो, रँचवरच्या टाकीतून पेट्रोल भरलं की तारीख, मीटरचं रीडिंग, गॅलन. मी ते सहज एक्सेलमध्ये टाकलं, सवयीने, आणि महिन्याचे मैल काढले. वेतांच्या दिवसात गाडी फार कुठे जात नाही, दर दोन तासांनी शेडमध्ये चक्कर असते, फेब्रुवारीला चारशेच्या आसपास मैल. १९९८ च्या फेब्रुवारीत ७७०.

बायको तेव्हा हायस्कूलला, बास्केटबॉल खेळायची. शाळा ४६ मैलांवर. तिचा एक जुना सल आहे जो ती हसत सांगते, की बाबा डिसेंबर-जानेवारीत मॅचला यायचे, फेब्रुवारी लागला की त्यांच्या लेखी मी पण एक गाय, आणि ती पण न व्यालेली.

तिची शाळेची जुनी वार्षिक वही घरात आहे. त्या फेब्रुवारीत घरच्या मैदानावर चार मॅच. जाऊन-येऊन ९२. चार वेळा, ३६८. जास्तीचे ३७०.

हे जुळतंय म्हणून खूश झालो तर वेळा जुळेनात. त्या चारही दिवशी शेडमधल्या नोंदींत मोठी फट आहे, एरवी दोन-दोन तासांनी असतात, त्या दिवशी संध्याकाळी ५:१० नंतर एकदम ९:०५, किंवा ९:२०. पण मॅच साडेसातला सुरू व्हायची. साडेसातची मॅच बघून ४६ मैल मागे येऊन ९:०५ ला शेडमध्ये म्हणजे त्यांनी काय दहा मिनिटं बघितली? मग तासाभराने भांडी घासताना पेटलं. चेरी काउंटीच्या मधून टाइम झोनची रेघ जाते. रँच माउंटन टाइममध्ये, शाळा सेंट्रलमध्ये. शाळेचे साडेसात म्हणजे रँचचे साडेसहा. सव्वापाचला निघून सव्वासहाला पोचले, जवळजवळ पूर्ण मॅच, आठच्या सुमारास निघाले की नऊ.

मैल म्हणजे पुरावा नाही हे मलाही कळतं. औषधं आणायला गेले असतील, डॉक्टरकडे गेले असतील. चारही वेळा मॅचच्याच दिवशी?

३० मार्च

बायकोला दाखवलं. मला वाटलं तिला बरं वाटेल.

ती एक्सेलकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, आले होते तर समोर यायला काय झालं होतं. मी म्हणालो वेतांचे कपडे असतील अंगावर, रक्त-शेण, तुझ्या मैत्रिणींसमोर... ती म्हणाली त्यांची बाजू तू मला नको सांगूस. मग म्हणाली तिथे दार पॉपकॉर्नच्या टेबलामागे होतं, कोर्टवरून दिसायचंच नाही, आणि उठून गेली.

रात्री उशिरा स्वयंपाकघरात सापडली, १९९८ चीच वही हातात, चष्मा लावून. म्हणाली, ११३ नंबर त्या रात्री मेलेली. त्यांनी वासरू वाचवलं आणि गाय गेली. मॅचची रात्र होती का? मी बघितलं. हो.

६ एप्रिल

सासूबाईंना विचारलं, त्यांना माहीत नाही, त्या स्वतः मॅचला असायच्या, पुढच्या रांगेत, आणि घरी येईपर्यंत सासरे शेडमध्येच असायचे. पण त्या म्हणाल्या शेजाऱ्याला विचार. शेजारी म्हणजे नऊ मैलांवरचे, आता नव्वदीच्या जवळ. त्यांना फोन केला. त्यांना ऐकायला कमी येतं त्यामुळे मी ओमाहात ओरडतोय आणि लेक दचकून बाहेर आली. ते म्हणाले हो, कधीकधी संध्याकाळी मी त्याच्या शेडमध्ये बसायचो, तो म्हणायचा जरा जाऊन येतो. कुठे? सांगायचा नाही, मी विचारायचो नाही, तोही माझ्याकडे बसायचा. कुठलं साल ते आठवत नाही.

आमच्याकडे ह्याला सावड म्हणतात, आज मी तुझ्याकडे उद्या तू माझ्याकडे. गायीच्या वेतांची पण सावड असते हे नवीन.

बायको म्हणाली ते पान पुस्तकात घाल. वहीचं, आणि मागच्या कव्हरचं. खाली काही लिहू नकोस.

२० एप्रिल

ईस्टर, सुट्टी, स्लाइड उरकल्या. कोडॅक्रोम फिल्मवरच्या आहेत, रंग अजून ताजे, साठ वर्षांपूर्वीचं लाल तसंच लाल. पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना-साल छापलेलं असतं पण ती धुतल्याची तारीख, काढल्याची नाही, आणि हे लोक एक रोल वर्षभर पुरवायचे, त्यामुळे ख्रिसमसचं झाड आणि जुलैतली गवताची गंजी दोन्हीवर एकच तारीख. गंमत म्हणजे सासरे जवळजवळ कशातच नाहीत, कॅमेरा त्यांच्याच हातात. एकात फक्त सावली आहे, हॅट घातलेली, पुढे दोन पोरं हाळात पोहतायत.

३ मे

पुस्तकाचा आराखडा झाला, ११२ पानं. आधी मी लेख लिहिला होता सुरुवातीला, त्यांचा स्वभाव वगैरे, काढून टाकला. आता वहीची पानं, समोर उतरवलेला मजकूर, मधे स्लाइड, कॅसेटच्या १९४९ च्या भागाचा मजकूर. ११३ चं पान, ४१७ चं पान, टीची पानं. कव्हरवर त्यांचा ब्रँड, म्हणजे गुरांना द्यायच्या डागाची खूण, हवा होता. इथे अक्षर आडवं झोपलेलं असेल तर त्याला लेझी म्हणतात, खाली कमान असेल तर रॉकिंग, पंख काढले तर फ्लाइंग, आणि वाचायचं डावीकडून उजवीकडे, वरून खाली. त्यांचं आडवं आहे. कुठलं अक्षर ते इथे लिहीत नाही, मेव्हण्याच्या नावावर रजिस्टर आहे आणि वापरात आहे. सासरे आयुष्यात दुपारी झोपले नाहीत आणि ब्रँड लेझी, ह्यावर ते स्वतः दरवर्षी तोच जोक करायचे.

एक राहिलंय, २०२४ ची वही. खोक्यात नाही. हरवलेल्या आठांत ती धरली होती पण गेल्या वर्षीची कशी हरवेल? मेव्हण्याला मेसेज केला. उत्तर, "माझ्याकडे आहे. आलास की बघू."

१७ मे

प्रूफ आलं. पान ६१ आणि ६२ उलटी. परत पाठवलं. जादाचे पैसे लागले, बायकोला सांगितले नाहीत.

२४ मे, रँच

ब्रँडिंग. पहाटे पाचला उठलो. आजूबाजूच्या रँचचे लोक आले, घोडे घेऊन, कोणाला पैसे नाहीत, दुपारी जेवण, पुढच्या आठवड्यात आपण त्यांच्याकडे. सरळ सरळ इर्जिक. वासरं गायींपासून वेगळी केली की जो हंबरडा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत कानात राहतो. दोर टाकून ओढून आणतात, दोघं धरतात, एक डाग देतो, एक लस टोचतो, एक गोऱ्ह्यांना खच्ची करतो, मिनिटभरात वासरू उठून आईला शोधत पळतं. जळक्या केसांचा धूर. लेक यावर्षी पहिल्यांदा लस द्यायला होती, नाकाला रुमाल बांधून.

पुस्तकं जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. लोक हात धुऊन चाळत होते, पण जास्त करून स्वतःची नावं शोधत होते, कोणाची गाय कोणाच्या कुरणात घुसली होती १९७७ ला, त्यावरून दोन म्हाताऱ्यांचं चांगलंच लागलं. शेजारी आले होते, मुलाने गाडीतून आणलं. बायकोने त्यांच्या ताटात स्वतः वाढलं, शेजारी बसली. काय बोलली ते मला ऐकू नाही आलं. मी विचारलंही नाही.

मेव्हण्याने मात्र पुस्तक हातात घेऊन नुसता वजन बघितल्यासारखं करून ठेवून दिलं. मी म्हणालो २०२४ ची? त्याने शर्टाच्या खिशातून काढली. लाल कव्हर, कडा झिजलेल्या. पुढच्या अर्ध्या पानांवर सासऱ्यांचं अक्षर, थरथरतं, मे महिन्यापर्यंत. मग एक कोरं पान. त्याच्यापुढे मेव्हण्याचं, फेब्रुवारी २०२५ पासून, त्याच साच्यात, एच, बी, पी. बँकेने नवीन वही दिली होती की, मी म्हणालो. तो म्हणाला हिच्यात पानं शिल्लक होती.

दुपारनंतर शेवटची वासरं. त्याच्या एका हातात सुई, दुसरा रक्ताने माखलेला, म्हणून वही माझ्याकडे दिली, मोजत जा म्हणाला. मी पाच-पाचच्या काड्या मारत गेलो. शेवटी १६८ भरल्या. त्याने डोकावून बघितलं आणि म्हणाला एक कमी आहे, ते काळं जे कुंपणाखालून पळालं ते नाही धरलंस. मी एक काडी वाढवली, १६९, पुढे तारीख लिहिली, ह्यावेळी महिना आधी.

वही परत त्याच्या खिशात. स्कॅन बाकी.